परसातील कोय आणि बांधावरचा रायवळ



गळीत हंगाम आटोपला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या, खोडव्याच्या बगला फोडून झाल्या, की मे महिन्यात घरोघरी आंब्याच्या अढ्या लागतात. रसाची जेवणे होतात आणि कोयी उकिरड्यावर जाऊन पडतात. मृगाचे दोन पाऊस झाले की त्याच कोयींतून तांबूस कोंब वर येतात. पोरे ते उपटतात, कोय दगडावर घासतात आणि पिपाणी करून गावभर वाजवत हिंडतात. त्यातले एखादे रोप घरातली म्हातारी वाचवते आणि परसात मोरीच्या कडेला लावते. आपल्या भागातल्या पुष्कळ परसांतील आंब्यांचा जन्म हा असाच झालेला आहे.

अशा झाडांबद्दल दोन टोकांची मते ऐकायला मिळतात. नर्सरीवाला म्हणतो, "कोयीचं झाड म्हणजे दहा वर्षं फुकट. कलम न्या." जुनी माणसे म्हणतात, "कलमाचं झाड ते काय झाड? कोयीचं लावा, नातवंडं खातील." दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. पण कोणत्या फळाला बी चालते, कोणत्याला चालत नाही आणि का, हे कळल्याशिवाय परसातली जागा अडवण्यात अर्थ नाही. ऊस एक वर्षाने मोडता येतो. आंब्याची चूक मोडायला एक पिढी जाते.

आपण ऊस बियांपासून का लावत नाही?

ही गोष्ट समजायला ऊस उत्पादकाला दुसरीकडे जाण्याची गरज नाही. आपण सहज बोलताना 'उसाचे बी' म्हणतो, पण लावतो ते बेणे. दोन डोळ्यांची किंवा एक डोळ्याची टिपरी लावली की जो ऊस येतो तो आईचाच तुकडा असतो. को ८६०३२ ची टिपरी लावली तर को ८६०३२ च उगवणार, त्यात फरक नाही.

आता तुरा आठवा. उसाला तुरा येतो, त्यात बारीक बी धरते. ते बी पेरले तर रोप येते, पण प्रत्येक रोप निराळे. एक जाड, एक बारीक, एक गोड, एक निव्वळ बोरू. कोईमतूरला १९१२ साली सुरू झालेल्या ऊस पैदास केंद्रात हेच काम चालते. दोन जातींचा संकर करायचा, तुऱ्याचे बी पेरायचे, हजारो रोपे वाढवायची, वर्षानुवर्षे पारखायची आणि त्यातून एखादीच निवडायची. एकेकाळी आपल्याकडे शिवारेच्या शिवारे व्यापणारी को ७४० याच वाटेने आली, आजची को ८६०३२ सुद्धा याच वाटेने. एकदा चांगले रोप हाती लागले की पुढे कोणी त्याच्या बियांच्या नादी लागत नाही, बेण्यानेच वाढवतात.

आंब्याचेही अगदी असेच आहे. कोय म्हणजे तुऱ्याचे बी आणि कलमाची काडी म्हणजे बेणे. हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही. हापूस, पायरी, केसर यांच्या कोयीतून एकच कोंब येतो आणि तो आई व बाप अशा दोन झाडांचा मिळून झालेला असतो. बाप कोण, ते माशीलाच ठाऊक! देशात हापूसची जेवढी अस्सल झाडे आहेत ती सगळी काडीवरून काडी, कलमावरून कलम अशी वाढलेली आहेत.

मग कोय अगदीच टाकाऊ का? तसे मुळीच नाही. आजची प्रत्येक नावाजलेली जात कधी ना कधी बीपासूनच उगवलेली आहे. उत्तरेतला दशहरी आंबा लखनौजवळच्या दशहरी गावात आपोआप उगवलेल्या एका झाडापासून आला. लांब कशाला, आपल्या पुण्याचे उदाहरण घ्या. गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी पेरूच्या बियांपासून रोपे वाढवून त्यातून निवड केली, तीच १९२७ सालची लखनौ-४९, जिला आपण सरदार पेरू म्हणतो. त्याच केंद्रावर १९३६ साली आळंदी जातीच्या डाळिंबाच्या रोपांतून एक निवडले गेले, तेच पुढे गणेश डाळिंब म्हणून महाराष्ट्रभर पसरले. भगव्याच्या वंशातही हा गणेश आहे. म्हणजे बी लावण्यात लॉटरी आहे, पण ती कधीच लागत नाही असे नाही. फक्त संशोधन केंद्राकडे शेकडो रोपांना जागा असते, आपल्या परसात दोन झाडांना. हा फरक ध्यानात ठेवावा.

बीपासून बिनधोक लावावे असे

पहिला मान कागदी लिंबाचा. लिंबाच्या एका बीतून दोन-दोन, तीन-तीन कोंब निघतात, ते पाहिले असेल. त्यातले बहुतेक कोंब आईच्याच पेशींतून आलेले असतात, बापाचा त्यात संबंध नसतो. म्हणून लिंबाचे रोप बीचे असूनही आईवर जाते. ज्या झाडाची लिंबे पातळ सालीची, रसदार आणि बारमाही असतील त्या झाडाचे पिकून पिवळे झालेले फळ घ्यावे. बी राखेत चोळून धुवावे आणि सावलीत वरवर सुकवून लगेच पेरावे. लिंबाचे बी डब्यात भरून वर्षभर ठेवले तर उगवत नाही. रोपे वीतभर झाली की सारखी दिसणारी जोमदार ठेवावीत. एखादे अगदीच बुटके किंवा वेगळ्या पानाचे निघाले तर उपटून टाकावे, ते बहुधा बापाचे असते. चौथ्या-पाचव्या वर्षी लिंबे लागू लागतात. विद्यापीठांनी काढलेल्या साई सरबती, फुले सरबती या जातींची रोपेही बीपासूनच करतात.

जांभळाचेही साधारण असेच आहे, त्याच्याही बीतून एकाहून अधिक कोंब येतात. बी मात्र ताजे हवे, पंधरा दिवसांपलीकडे ते विश्वासाचे राहत नाही. फळाला आठ-दहा वर्षे लागतात आणि झाड मोठे होते, म्हणून घराला खेटून लावू नये.

पपईबद्दल थोडे जास्त लिहिले पाहिजे, कारण ती सर्वांना हवी असते आणि निम्म्या लोकांची फसते. पपईच्या बीवर जो बुळबुळीत पडदा असतो तो उगवण रोखतो. बी राखेत चोळून तो पडदा काढावा, धुऊन सावलीत सुकवावे आणि मग पेरावे. जुन्या देशी जातींमध्ये नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि फूल येईपर्यंत कोण काय हे कळत नाही. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावावीत, फुले दिसली की नर उपटावे आणि मादी ठेवावे. लांब दांड्यावर लोंबणारी फुले ती नराची, खोडाला चिकटून बसलेले मोठे फूल ते मादीचे. शेजारीपाजारी मिळून एखादा नर राहिला म्हणजे पुरे. हल्लीची तैवान ७८६ किंवा रेड लेडी या जातींत निव्वळ नर झाड नसते, पण रेड लेडी संकरित आहे. बाजारातून आणलेल्या त्या पपईचे बी लावून तशीच पपई मिळेल ही आशा धरू नये. खाण्यापुरती कशीही येते म्हणा, घरचे कोणी तक्रार करत नाही.

पपईचे खरे दोन शत्रू आपल्याच हातात आहेत. एक पाणी. बुंध्याशी दोन दिवस पाणी तुंबले की मुळे कुजतात आणि उभे झाड मान टाकते. तेव्हा पपई मोरीच्या खड्ड्यात लावू नये, उंचवट्यावर लावावी. मोरीच्या ओलीला केळी आणि अळू आहेतच. दुसरा शत्रू म्हणजे उसात मारलेले तणनाशक. घराला लागून उसाचा प्लॉट असेल आणि त्यात २,४-डी मारले, तर वाऱ्याने आलेल्या नुसत्या तुषारांनी पपईची पाने वळून दोरीसारखी होतात. मग बाई म्हणते रोग आला, मालक म्हणतो बी खराब. पंप पाठीवर घेण्याआधी वारा कुठला आहे ते पाहावे, आणि तणनाशकाचा पंप परसातल्या फवारणीला वापरू नये.

सीताफळही बीपासून चांगले येते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ देते. झाडागणिक थोडा फरक पडतो, पण खाण्याजोगे फळ बहुधा मिळते. बी टणक असते, रात्रभर भिजवून पेरावे. लेकरांच्या हाती ते बी देऊ नये. त्याची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. डोक्यातील उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड लावण्याची चाल काही घरांत अजून आहे, ती बंद करावी.

नारळाची गोष्ट मजेची आहे. नारळाला कलमच नाही, जे काही आहे ते फळापासूनच. त्यामुळे नारळात सगळा भरवसा आईच्या झाडावर. देवळातून आणलेला कोणताही नारळ पुरून बसू नये. दरवर्षी न चुकता भरणारे, ऐन भरातले झाड हेरावे आणि त्याचा झाडावर पूर्ण पिकलेला, अकरा-बारा महिन्यांचा नारळ घ्यावा. वाफ्यात जे नारळ लवकर कोंब काढतात तीच रोपे पुढे जोमाने चालतात. पाच-सहा महिन्यांनी सावकाश उगवलेली रोपे माया न करता बाजूला काढावीत.

पेरू, डाळिंब, चिकू यांची बीची रोपे मात्र परसात लावू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. चिकूचे बीचे झाड कधी फळेल याचा नेम नाही, म्हणून चिकूचे कलम खिरणीच्या म्हणजे रायणीच्या खुंटावर बांधतात. फणसाचे बी ताजे असेल तर हमखास उगवते. पण काप्या फणसाच्या आठळीतून बरका निघू शकतो, आणि ते कळायला सात-आठ वर्षे थांबावे लागते!

ज्यांच्या जमिनी जास्त पाण्याने खारवट किंवा चोपण झाल्या आहेत त्यांनी आंबा, लिंबू, पपई यांच्यावर पैसा घालण्याआधी विचार करावा. अशा जागी बोर आणि आवळा तग धरतात, चिकूही बऱ्यापैकी सोसतो. गावठी बोराचे बी जागेवरच लावावे. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर उमराण किंवा मेहरूणचा डोळा भरावा. मुळे गावठी राहतात आणि फळ चांगले मिळते.

कोय जागेवर, कलमही जागेवर

बोराला जे करतो तेच आंब्याला करावे. नर्सरीतले कलम पिशवीत वाढलेले असते, त्याचे सोटमूळ पिशवीच्या तळाशी वळलेले किंवा तुटलेले असते. कोय जागेवर लावली तर सोटमूळ सरळ खाली जाते, झाड वाऱ्याला आणि उन्हाळ्याला दाद देत नाही. जुनी माणसे कोयीच्या झाडाची तारीफ करतात ती या मुळासाठी. आणि नर्सरीवाला कलमाची तारीफ करतो ती फळासाठी. दोन्ही एकाच झाडात मिळू शकतात.

त्याची रीत अशी. रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी घ्याव्यात. पाण्यात टाकून तरंगतील त्या फेकाव्यात, बुडतील त्या ठेवाव्यात. कोय फोडून नुसता गर काढून लावला तर उगवण लवकर होते आणि आत भुंगा असेल तर तोही दिसतो. महिन्याभराच्या आत लावणी व्हायला हवी. वाळलेली कोय म्हणजे सरपण. शेणखत-माती भरलेल्या खड्ड्यात वीत-वीत अंतरावर तीन कोयी, वर दोन-अडीच इंच माती. पाऊस नसेल तेव्हा पाणी, आणि शेळ्यांपासून काटेरी कुंपण. शेळी एकदा शेंडा खाऊन गेली की वर्ष गेलेच.

पुढच्या पावसाळ्यात, जून ते ऑगस्टच्या दरम्यान, रोपाला नवी तांबूस पालवी येते. त्या कोवळ्या भागावर पाचर कलम बांधायचे. विद्यापीठाच्या भाषेत याला मृदुकाष्ठ कलम म्हणतात. हवी त्या जातीची तीन-चार महिने वयाची, वीतभरापेक्षा थोडी आखूड आणि रोपाएवढ्याच जाडीची काडी घ्यावी. शेंड्याचा डोळा फुगलेला पण न फुटलेला असावा. काडी काढण्याआधी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून कापावीत. काडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करावी, रोपाचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यावी, पाचर बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे. पाणी आत जाता कामा नये. तीन रोपांपैकी एक लागले तरी काम झाले. खुंटावरची फूट मात्र दर आठवड्याला खुडावी, नाहीतर कलम मरते आणि रायवळ वाढते, मालकाला वाटते केसर वाढला.

कोकणात हेच काम आणखी लवकर करतात. कोय उगवून दहा-पंधरा दिवस झाले आणि पाने तांबडी असली की लगेच कोय कलम बांधतात. तिकडची हवा दमट. आपल्या देशावर पाऊस लागून राहिला तरच ते जमते, नाहीतर थांबलेले बरे.

रायवळ वाचवायचा असेल तर

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. जमीन सपाट करताना, ठिबकच्या नळ्या टाकताना, बांध कोरताना बांधावरचे जुने रायवळ आंबे एकामागून एक चालले आहेत. सावलीत ऊस बारीक राहतो ही गोष्ट खरी आहे, कोणाला दोष देऊन उपयोग नाही. गावोगाव या झाडांना नावे होती. साखऱ्या, शेप्या, खोबऱ्या, गोट्या, बिटका, लोणच्याचा, रसाचा. शेप्याला शेपूचा वास, खोबऱ्या कच्चा खाल्ला तर खोबऱ्यासारखा. लोणच्याचा आंबा वर्षभर बरणीत करकरीत राहायचा. ही नावे कोणत्याही नर्सरीच्या यादीत सापडणार नाहीत.

झाड काढायचे ठरले की घरात बोलणे होते ते असे. "आप्पा, साखऱ्या काढायचा म्हणताय, पण असा आंबा परत मिळायचा न्हाई." आणि आप्पा म्हणतात, "अगं, त्याचीच कोय लावलीया की परसात. काळजी नको." सर्वांना समाधान वाटते, आणि झाड जाते.

पण वर सांगितलेले आठवा. परसातली ती कोय साखऱ्याची लेक आहे, साखऱ्या नव्हे. आठ-दहा वर्षांनी तिला फळ येईल तेव्हा ते आंबट निघू शकते, धाग्याचे निघू शकते, कदाचित आईपेक्षा सरसही निघेल. पण तो साखऱ्या नसेल, आणि तोपर्यंत त्याचे खोड जळूनही गेलेले असेल. साखऱ्या परत हवा तर त्याची काडी घ्यावी लागते. झाड उभे असताना तिला काही खर्च नाही, झाड पडल्यावर कितीही पैसे दिले तरी ती मिळत नाही.

म्हणून ज्यांना झाड काढणे भागच आहे त्यांना एवढीच विनंती, की काढण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या. आंबा हे झाड १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे, तोडायला परवानगी लागतेच, तेव्हा थोडा वेळ तसाही जातो. तेवढ्यात परसात किंवा विहिरीच्या कडेला, जिथे सावलीची अडचण नाही, तिथे जागेवर लावलेल्या कोयीच्या रोपांवर या झाडाच्या पाच-सहा काड्या बांधाव्यात. जुन्या झाडाला नवी फूट कमी येते. बाहेरच्या बाजूची, उन्हातली डहाळी शोधावी, मोहर येऊन गेलेली काडी घेऊ नये. काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून वरून प्लॅस्टिक लावले तर दोन दिवस टिकतात, परगावच्या पाहुण्याकडूनही आणता येतात.

काही जण जुना रायवळ न तोडता त्याची छाटणी करून नव्या फुटीवर केसर बांधतात. ही रीत चांगली आहे, खोड मोठे असल्याने फळ लवकर येते. मात्र एखादी फांदी मूळ रायवळाची ठेवावी. आंब्याला परागीकरणासाठी दुसरी जात जवळ असली तर फळधारणा सुधारते. हापूसच्या बागेतही अधूनमधून इतर जातींची झाडे ठेवण्याची शिफारस कोकण कृषी विद्यापीठ करते ती याचसाठी.

एखाद्याच्या रायवळात खरोखरच वेगळा गुण असेल तर २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यानुसार शेतकऱ्याला ते वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येते आणि शेतकऱ्याला नोंदणीचे शुल्क पडत नाही. कागदपत्रे बरीच लागतात, कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. काडी कापायची ती जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा झाडावर एकही फळ नसते. बांधावर चार रायवळ शेजारी शेजारी उभे असले तर त्यातला शेप्या कोणता आणि साखऱ्या कोणता, हे पानांवरून भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणून आत्ता, आंबे झाडावर असतानाच, घरातल्या थोरल्या बाईमाणसांना बरोबर घेऊन बांधावर जावे, पाडाचा आंबा चाखावा आणि खोडावर छातीइतक्या उंचीवर चुन्याने किंवा रंगाने खूण करून नाव लिहून ठेवावे. चुना पावसाने जातो, ऑइलपेंट असेल तर बरे.